माउंटखाली अडकलायत? मग आधी उपा शिका

कुस्ती खेळून जुजुत्सूच्या क्लासला येणाऱ्या पोरांची एक गंमत असते, पाठ मॅटला टेकली की चेहराच पडतो, कारण आपल्याकडे पाठ टेकली म्हणजे चितपट, विषय संपला. इथे मात्र समोरचा पोटावर बसला (यालाच माउंट म्हणतात) तरी कुणी टॅप करेपर्यंत, म्हणजे हाताने थापटून हार मानेपर्यंत, किंवा वेळ संपेपर्यंत मॅच चालूच, आणि तिथून त्याला उलटवायचा अगदी सुरुवातीला शिकवतात तो डाव म्हणजे उपा.

आधी हात सांभाळा. खाली अडकलं की सगळे घाबरून हात सरळ करून वरच्याला ढकलतात, मीही ढकलायचो, आणि ताणलेला हात म्हणजे आर्मबारचं (कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीचं) आमंत्रणच. कोपरं बरगड्यांना चिकटवा, टाचा जमतील तितक्या ढुंगणाजवळ ओढा. तो सरकत काखेपर्यंत आला असेल तर उपा लागत नाही, आधी कोपरांनी गुडघे खाली रेटून त्याला कमरेवर आणा.

आता समजा त्याने उजव्या हाताने तुमची कॉलर धरली. तो हात तुमच्या डाव्या बाजूला येतो. उजव्या हाताने त्याचं मनगट आणि डाव्याने कोपराच्या जरा वर पकडून छातीशी गच्च दाबा, मग तुमचा डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेरून टाकून पाऊल अडकवा. त्या बाजूला आता त्याला टेकायला हात नाही न पाय नाही. यातलं एकच अडकवलं तर तो आरामात टेकू लावतो, नव्वद टक्के पोरं इथेच घाई करतात असं माझं मत.

मग ब्रिज, म्हणजे टाचा रोवून कंबर वर उचलणं. नुसती कंबर वर फेकली तर तो उडतो आणि परत तुमच्याच पोटावर आदळतो (लागतं!). आधी सरळ वर, म्हणजे त्याचं वजन तुमच्या डोक्याकडे जातं, आणि तिथून तिरकं डाव्या खांद्यावरून, नजरही त्याच खांद्यामागे. जोर टाचांतून, भार खांद्यावर, मानेवर अजिबात नको.

हात देतच नसेल तर कमरेने एक हिसका द्या, तोल सावरायला तो डोक्याशेजारी हात टेकतोच, तो हात वरून वेढून आत ओढा. मोकळा पाय लांब टाकून त्याने रोल अडवला तर हट्ट सोडा, त्या गुडघ्याखाली फट पडते, श्रिंप करून (कुशीवर वळून कंबर मागे सरकवून) तिथून आपला गुडघा आत घाला.

उलटवलंत की बहुतेक वेळा तुम्ही त्याच्या गार्डमध्ये, म्हणजे त्याच्या दोन पायांच्या मध्ये, पडता, तेव्हा लगेच पाठ सरळ करा, नाहीतर डोकं खाली ओढून तो चोक लावतो, म्हणजे गळा आवळतो. आणि हो, आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जुजुत्सू महासंघाच्या) नियमात माउंटचे त्याला 4 पॉइंट मिळाले असतील, पण या उलटवण्याचे तुम्हाला स्वीपचे (खालून गार्डमधून उलटवण्याचे) 2 मिळत नाहीत, कारण सुरुवात गार्डमधून झालेली नसते.