बंड्या अंगावर का उडतो आणि पोरगा जेवताना मोबाईल का मागतो: वागणं बदलायची वहीवाली पद्धत

आधीच सांगते, मी ट्रेनर वगैरे कुणी नाहीये. बीएला सायकॉलॉजी होतं तेव्हा थॉर्नडाइक, पावलोव, स्किनर, प्राणी कसे शिकतात यावर प्रयोग करणारे सगळे पाठ करून पेपर लिहिले आणि विसरून गेले, मग पंधरा वर्षांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजलेलं एक गावठी पिल्लू घरी आलं आणि ते सगळं परत शिकायला लागलं. बंड्या नाव त्याचं. आता ज्याच्या घरी नवीन कुत्रं येतं तो मला फोन करतो आणि मी दरवेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

पहिलं काम म्हणजे तक्रार नीट शब्दांत मांडायची. "खूप मस्ती करतो", "हट्टी आहे", "ऐकतच नाही" हे काही वागणं नाही, ते आपलं मत झालं. "दार उघडलं की पुढचे दोन पाय माझ्या छातीवर टाकतो" हे वागणं. दिसतं, मोजता येतं. असं एकच निवडा, एकदम पाच नको.

मग एक वही घ्या, शाळेची दोनशेपानीसुद्धा चालेल, आणि तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठवडाभर फक्त लिहायचं, सुधारायला जायचं नाही. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच सोडतात, पण सगळी गंमत त्या तिसऱ्या रकान्यात असते हो. माझ्या वहीत सात दिवसांत अकरा वेळा असं निघालं की बंड्या अंगावर उडाला आणि नंतरच्या रकान्यात मी लिहिलेलं, "अरे बंड्या, खाली उतर, काय हे, सगळा ड्रेस घाण केला" असं म्हणत दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. म्हणजे बघा, दिवसभर घरात एकटा बसलेल्या कुत्र्याला काय मिळालं? मी त्याच्याकडे बघितलं, बोलले, हात लावला. मला वाटत होतं मी रागावतेय, त्याच्यासाठी ती पार्टी होती.

हे थॉर्नडाइकने १८९८ मध्येच दाखवलंय. भुकेल्या मांजराला लाकडी खोक्यात बंद करायचा, बाहेर खायला ठेवायचा, आतली कडी किंवा दोरी ओढली की दार उघडणार. मांजर आधी ओरबाडतं, चावतं, धडका देतं आणि त्या धडपडीत कधीतरी चुकून कडी सरकते. परत आत टाकलं की थोडं लवकर, परत टाकलं की अजून लवकर. "अच्छा, असं आहे होय" म्हणून एकदम उजेड पडलाय असं काही दिसत नाही, फक्त ज्याने दार उघडतं ते हळूहळू उरतं आणि बाकीचं गळून जातं. आपल्या घरातली निम्मी वागणी अशीच, चुकून कडी सरकल्यावर टिकलेली असतात.

तर आता वहीवरून शोधायचं की त्याला यातून मिळतंय काय. साधारण चारच गोष्टी असतात: खाणं, लक्ष, नको असलेल्या गोष्टीपासून सुटका, किंवा ते करण्यातच मजा येणं. कुरिअरवाल्यावर भुंकणं हे सुटकेचं मस्त उदाहरण आहे. कुत्रा भुंकतो, कुरिअरवाला पार्सल देऊन निघून जातो. तो तसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबात मी भुंकलो म्हणून गेला, आणि हे दरवेळी शंभर टक्के खरं ठरतं. स्किनरने १९४८ मध्ये कबुतरांवर असाच प्रयोग लिहिलाय, पक्षी काय करतोय हे न बघता ठराविक सेकंदांनी दाणे द्यायचे. आठपैकी सहा कबुतरांनी आपापली काहीतरी खूण पकडली, एक गोल गोल फिरायला लागलं, एक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसत राहिलं, कारण दाणे पडले तेव्हा ते नेमकं तेच करत होतं. हसू नका, सचिन बॅटिंगला असताना आमच्याकडे कुणाला खुर्चीवरून उठू द्यायचे नाहीत, माझ्या काकांनी एकदा अख्खी इनिंग एका पायावर बसून काढलीये.

कारण सापडलं की दोन कामं एकत्र करायची, एक केलं आणि दुसरं सोडलं तर उपयोग नाही. जुन्या वागण्याला मिळणारं बक्षीस बंद, आणि तेच बक्षीस दुसऱ्या, आपल्याला चालणाऱ्या वागण्याला. बंड्या उडाला की मी गप्प पाठ फिरवायची, हात छातीशी, नजर भिंतीकडे. चारही पाय जमिनीला लागले की त्या सेकंदाला "शाब्बास" आणि चिकनचा तुकडा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा बास, मोठा दिला तर पाचव्या वेळेला पोट भरतं. उकडलेलं साधं चिकन, शाकाहारी घर असेल तर पनीर, पण कांदा-लसूण घातलेलं काही नको, चॉकलेट, द्राक्षं, मनुका तर अजिबात नको, कुत्र्यांना विषारी असतं ते. आणि वेळ फार महत्त्वाची. किचनमध्ये जाऊन डबा उघडून आणेपर्यंत तो परत उडालेला असतो आणि मग तुम्ही उडण्यालाच बक्षीस देता, म्हणून डबा दाराजवळ चपलांच्या स्टँडवर ठेवायचा.

आता खरी परीक्षा. बक्षीस बंद केलं की वागणं कमी व्हायच्या आधी वाढतं. लिफ्टचं बटण दाबलं आणि लिफ्ट नाही आली तर आपण काय करतो, शांतपणे जिन्याने जातो का? आधी चार वेळा जोरात दाबतो. बंड्या चौथ्या दिवशी एवढा उडाला की माझी ओढणी फाटली. इथे जो वैतागून हरतो त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट होते कारण कुत्रा शिकतो की थोडं जास्त ताणलं की मिळतं. आमच्याकडे हे जेवणाच्या टेबलावर झालं. सगळ्यांचं ठरलेलं की जेवताना त्याला कुणी काही द्यायचं नाही, पण सासूबाई टेबलाखालून अर्धी पोळी सरकवायच्या, रोज नाही, कधीतरी. रोज दिली असती तर परवडलं असतं. कधी मिळेल कधी नाही असं असलं की ती सवय सगळ्यात चिवट होते, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस बघा.

सासूबाईंना सांगून काही उपयोग नव्हता, तीनदा सांगून झालं होतं. शेवटी त्यांचाही रकाना केला (त्यांना माहीत नाही हे). आईंना मिळत काय होतं? बंड्याची शेपटी हलते, तो फक्त त्यांच्याकडे बघतो. मग म्हटलं, "आई, त्याची रात्रीची पोळी आता तुम्हीच द्यायची, पण जेवणं झाल्यावर, त्याच्या ताटलीत." शेपटी तीच, मान आधीपेक्षा जास्त. टेबलाखालचं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं, त्याचं भीक मागणं जायला मात्र अजून तीन आठवडे गेले.

मारण्याबद्दल सगळे विचारतात, "एक फटका दिला की गप्प बसतो की." बसतो. तेवढ्यापुरता. पण वहीत फटका देणाऱ्याचाही रकाना काढा: भुंकणं चालू होतं, मी फटका दिला, भुंकणं थांबलं. बक्षीस कुणाला मिळालं? मला. म्हणजे कुत्र्याचं भुंकणं कमी होवो न होवो, माझं मारणं पक्कं होतं. शिवाय कुत्रा काय करायचं ते शिकत नाहीच, फक्त हा हात वाईट आहे एवढं शिकतो, मग एक दिवस तो हात पाहुण्यांच्या लहान मुलाचा असतो.

पोराचं सांगते. चिरंजीव आठ वर्षांचे, मोबाईलवर कार्टून लागल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. मी हुशारी केली, आधी जेवण मग वीस मिनिटं कार्टून. आवडीचं काम नावडत्याच्या मागे लावायचं, हे प्रीमॅक नावाच्या माणसाने १९५९ मध्ये मांडलं असं पुस्तकात आहे, आज्या मात्र कायमच करत आल्यात. झालं काय, पोरगं चार मिनिटांत ताट साफ करायला लागलं, न चावता, आणि दोनदा ओकलं. चूक माझी, मी बक्षीस ताट संपवण्याला लावलं होतं, त्याने संपवलं. मग नियम बदलला, कार्टून साडेआठला, कुणी कितीही लवकर जेवो. घाई गेली. अजूनही भेंडीला तोंड वाकडं होतं पण ते चालायचंच.

या पद्धतीने सगळं होतं असं मात्र नाही. ब्रेलँड नवरा-बायको स्किनरचेच विद्यार्थी, जाहिराती आणि शोसाठी प्राणी तयार करायचे. त्यांनी रॅकूनला (अमेरिकेतला एक जंगली प्राणी, पुढचे पंजे हातांसारखे वापरतो) नाणी डब्यात टाकायला शिकवलं, एक नाणं असेपर्यंत ठीक, दोन दिल्यावर तो ती एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवून परत बाहेर काढायचा, खाणं मिळत नसतानाही. रॅकून जंगलात खाणं हाताळतो तसंच. १९६१ मध्ये त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहून टाकलं. म्हणून गावठी कुत्र्याने मांजरामागे पळू नये अशी अपेक्षा मी करत नाही, पट्टा घट्ट धरते. पिल्लांचा तीन ते साधारण बारा-चौदा आठवड्यांचा काळही असाच, त्यात माणसं, रिक्षा, छत्र्या, कुकरची शिट्टी जे बघितलं-ऐकलं ते आपलं वाटतं, नाही बघितलं तर पुढे मेहनत लागते. आणि वागणं एकदम बदललं, शांत कुत्रा गुरगुरायला लागला, तर वही नको, आधी डॉक्टर. कानात किंवा दातात दुखत असतं बऱ्याचदा.

भीती हे वेगळं प्रकरण. तिथे बक्षीस-बिक्षीस नसतं, पावलोव असतो, म्हणजे एका गोष्टीमागून दरवेळी दुसरी आली की मनात दोन्हींची आपोआप जोडी लागते. (त्याला १९०४ चं नोबेल पचनावरच्या कामाला मिळालं होतं, खाणं येणार अशी खूण मिळाली की कुत्र्यांना लाळ सुटते ते त्यातूनच निघालं.) फटाक्याला घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीला खतपाणी मिळतं असं लोक म्हणतात, तसं होत नाही, खुशाल जवळ घ्या. करायचं ते आधी करायचं. आमच्याकडे गणपती उठले की दोन-चार दिवसांत सुरू होतं, फोनवर फटाक्यांचा आवाज लावायचा, इतका बारीक की बंड्याचा फक्त कान हलला पाहिजे, आणि आवाज आला की लगेच चिकन. आवाज आधी, चिकन नंतर, उलटं केलं तर चिकन दिसल्यावरच तो घाबरायला लागेल. पाच मिनिटं, दिवसातून एकदा. तो खायचं थांबला म्हणजे आवाज जास्त झाला, फोनचा आवाज दोन पायऱ्या खाली आणा. दोन दिवसांत एक पायरी चढली तरी खूप.

पहिल्या दिवाळीला तो पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला बाथरूममध्ये पंखा लावून आईंची जुनी साडी अंथरली होती, तिथे जाऊन बसला, थरथरत होता थोडा, पण साडेनऊला स्वतःच उठून बाहेर आला आणि ताटलीसमोर बसून आईंकडे बघायला लागला, पोळीची वेळ झाली होती.