वयावर खापर फोडू नका: वृद्धांची औषधे आणि शुश्रूषा यांतील नेहमीच्या चुका

‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ हे वाक्य मी शुश्रूषेच्या बावीस वर्षांच्या कामात जितक्या वेळा ऐकले आहे, तितक्या वेळा दुसरे कोणतेही ऐकलेले नाही. आणि या एका वाक्यामुळे जितके नुकसान होताना पाहिले आहे, तितके कोणत्याही एका औषधामुळे झालेले पाहिलेले नाही. म्हातारपणात दृष्टी, श्रवण, स्नायूंचे बळ, तहानेची जाणीव या गोष्टी कमी होतात हे खरे, पण त्या वर्षांच्या हिशेबाने कमी होतात. मंगळवारपर्यंत स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाणारी व्यक्ती शुक्रवारी तोल सावरू शकत नसेल, तर त्याचे कारण वय नव्हे, कारण तीन दिवसांत कोणी म्हातारे होत नाही. तीन दिवसांत काहीतरी बिघडले आहे, आणि ते शोधताना माझा क्रम ठरलेला असतो: आधी औषध, मग आजार, आणि या दोन्ही गोष्टी नीट पाहून झाल्यावरच वय.

एका औषधाच्या त्रासावर दुसरे औषध

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. एक्याऐंशी वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी मी जात असे. रक्तदाबासाठी त्यांना अॅम्लोडिपिन सुरू होते. त्याचा डोस वाढवल्यावर महिन्याभरात दोन्ही घोटे सुजले. ही सूज या औषधाची ओळखीची खूण आहे: लहान रोहिण्या सैलावतात, केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि द्रव आजूबाजूच्या पेशीजालात झिरपतो. शरीरात पाणी जास्त साठल्यामुळे ती आलेली नसते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. मुलीने मात्र नुसते पाय दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले, आधीची चिठ्ठी दाखवली नाही, आणि लघवीची गोळी सुरू झाली. आता बाईंना रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागू लागले आणि कधीकधी वाटेतच कपडे ओले होऊ लागले. त्या तक्रारीसाठी तिसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिले. हे औषध अॅसिटिलकोलिन या रसायनाचा परिणाम अडवून मूत्राशय शांत करते. परंतु तेच रसायन आतड्यांच्या हालचालीसाठी, लाळेसाठी आणि स्मरणशक्तीसाठीही लागते, आणि उतारवयातील मेंदूकडे त्याची शिल्लक आधीच कमी असते. तोंड कोरडे पडले, बद्धकोष्ठ झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात बाई अनेक वर्षांपूर्वी वारलेल्या बहिणीशी बोलू लागल्या. घरच्यांनी स्मृतिभ्रंश झाल्याचे गृहीत धरले आणि वृद्धांच्या निवासाची चौकशी सुरू केली.

तिघांपैकी कोणत्याही डॉक्टरांनी समोरच्या तक्रारीपुरता गैर निर्णय घेतला नव्हता, पण तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्याच नव्हत्या. मला आजही सलते ते हे की, पहिल्या दोन भेटींत मीदेखील त्या मुलीला ‘आता वय झाले आहे’ असेच म्हणाले होते. तिसऱ्या भेटीत मी कागदावर एक आडवी रेघ मारली, रेघेच्या वर प्रत्येक औषध सुरू झाल्याची तारीख लिहिली आणि खाली प्रत्येक तक्रार सुरू झाल्याची. तो कागद पाहताच बाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या लक्षात सगळा क्रम आला. त्यांनी रक्तदाबाचे औषध बदलले आणि नंतरची दोन्ही औषधे थांबवली. दहा-बारा दिवसांत भ्रम निवळला, सूज त्यानंतर हळूहळू गेली, आणि महिन्याभराने बाईंनी माझ्या त्याच कागदावरचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून तो मला परत दिला.

या प्रकाराला वैद्यकात ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असे नाव आहे आणि त्याच्या ठरावीक जोड्या पुन्हा पुन्हा समोर येतात. सांधेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनमुळे रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाची गोळी वाढवली जाते. मळमळीसाठी दीर्घकाळ दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडमुळे हात थरथरू लागतात, हालचाल मंदावते आणि कंपवाताचे औषध सुरू होते. स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलमुळे लघवीवरचा ताबा सुटतो आणि त्यावर नेमके उलट काम करणारे औषध दिले जाते, म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. शिक्षिकाबाईंच्या त्या अनुभवापासून मी प्रत्येक नव्या स्ट्रिपवर न पुसणाऱ्या पेनाने सुरुवातीची तारीख लिहिते आणि एका वहीत औषधे व तक्रारी समोरासमोर मांडते. या कामाचा लोकांना कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. तरीही नव्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि घरातील सर्व औषधे, मलमे, डोळ्यांचे थेंब आणि चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत, यावर मी हटून बसते.

‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणे

क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ स्नायूंमध्ये तयार होतो आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंडांचे काम पाहण्यासाठी तो रक्तात मोजतात. वयानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, पण त्याच वेळी स्नायूही झडतात; म्हणजे तयार होणारेही कमी आणि बाहेर जाणारेही कमी, त्यामुळे अहवालातील आकडा फसवा असूनही चांगला दिसतो. गाळण्याच्या या क्षमतेचा अंदाज देणारे, १९७६ साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी मांडलेले सूत्र आजही औषधांचे डोस ठरवण्यासाठी वापरले जाते: १४० मधून वय वजा करावे, त्याला किलोमधील वजनाने गुणावे, क्रिएटिनिनच्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधील आकड्याच्या) ७२ पटीने भागावे, आणि स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणावे. क्रिएटिनिन १.० असलेल्या ३० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषासाठी हे उत्तर मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते, तेच १.० क्रिएटिनिन असलेल्या ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी सुमारे ३१. अहवाल तोच, क्षमता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचे गॅबापेंटिन, हृदयाचे डिगॉक्सिन आणि अनेक प्रतिजैविके मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, त्यामुळे अशा व्यक्तीला तरुणाचा डोस दिला, तर ती दिवसभर गुंगीत राहिली यात नवल नाही. मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात वय, ताजे वजन आणि ताजे क्रिएटिनिन हे तीन आकडे लिहून देते आणि ‘या आकड्यांना हा डोस चालेल का’ असे सरळ विचारते. वजन मात्र त्या महिन्यातील हवे. तीन वर्षांपूर्वीचे चालत नाही.

मूत्रपिंडांबरोबर शरीराची घडणही बदलते. पाण्याचे प्रमाण घटते, चरबीचे वाढते आणि चरबीत विरघळणारी औषधे तिथे मुक्काम ठोकतात. शरीरातील डायझेपामची पातळी निम्म्यावर यायला विशीत सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरात जवळजवळ ९० तास. म्हणजे झोपेसाठी रोज दिलेली गोळी संपण्याआधीच दुसरी येते, मग तिसरी, आणि आठवड्याच्या शेवटी पडणे होते, तेव्हा दोष सतरंजीला दिला जातो.

उभे राहताना रक्तदाब सावरणारी यंत्रणाही वयानुसार मंदावते. म्हणून बसून घेतलेल्या एका मोजणीवर मी विसंबत नाही: पाच मिनिटे आडवे असताना एकदा, आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजते. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना कळवलेच पाहिजे, मग बसलेल्या स्थितीतील आकडे कितीही सुरेख असोत.

एका झटक्यात सारे बंद करणे

हे सारे वाचून काही उत्साही मंडळी नेमकी उलटी चूक करतात. एका गृहस्थांच्या पुतण्याने काकांची जबाबदारी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची यादी मोबाईलवर शोधली आणि अनेक वर्षे चालू असलेली रक्तदाबाची मेटोप्रोलॉल व झोपेची-चिंतेची क्लोनाझेपाम ही दोन्ही औषधे एकाच दिवशी बंद केली. चौथ्या दिवशी काकांची नाडी धावत होती, हात कापत होते, झोप उडाली होती आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. पुतण्याचा हेतू चांगला होता, आणि म्हणूनच मला त्याच्यावर रागावता आले नाही. पण जे औषध शरीराने वर्षानुवर्षे गृहीत धरलेले असते, ते काढताना शरीराला वेळ द्यावाच लागतो, आणि या घाईला माझ्याकडे क्षमा नाही. डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेले आणि पुढे अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीने वेळोवेळी, अलीकडे २०२३ मध्ये, सुधारलेले अशा औषधांचे निकष हे ‘सांभाळून द्या, पर्याय शोधा’ असे डॉक्टरांना सांगण्यासाठी आहेत, घरच्यांनी डबा रिकामा करण्यासाठी नाहीत. एका वेळी एकच औषध, डॉक्टरांनी आखलेल्या पायऱ्यांनी कमी करावे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांना यासाठी अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. स्टेरॉइड आणि फिट्सची औषधेही अशीच एकाएकी थांबवू नयेत.

थोडक्यात सांगण्यासारख्या, पण लहान नसलेल्या चुका

रुग्णालयातून घरी आल्यावर जुन्या स्ट्रिपा तशाच ठेवल्या जातात आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी पोटात जाते. म्हणून मी मोठ्या अक्षरातले नाव वाचत नाही, त्याखालचे बारीक अक्षरातले मूळ औषधाचे नाव वाचते. पॅरासिटामॉल तर सर्दीच्या, अंगदुखीच्या आणि तापाच्या गोळ्यांत वेगवेगळ्या नावांनी दडलेले असते.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज दिले गेल्याने मृत्यू झालेले आहेत, त्यामुळे ते रोजच्या डब्यात ठेवूच नये. वार लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात ठेवावे.

गिळता येत नाही म्हणून प्रत्येक गोळी कुटून देऊ नये. नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल किंवा सीआर अशी अक्षरे असतील, तर ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते आणि कुटल्यावर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. द्रव स्वरूप मिळते का, हे आधी विचारावे. आणि द्रव औषध घरातल्या चमच्याने मोजू नये.

थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. एकत्र दिल्यास थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही, आणि मग तपासणीतला आकडा पाहून डोस विनाकारण वाढवला जातो.

हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेट घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

सर्दीसाठी किंवा झोप यावी म्हणून क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन यांसारख्या जुन्या अॅलर्जीच्या गोळ्या चिठ्ठीविना आणू नयेत. शिक्षिकाबाईंच्या बाबतीत ऑक्सिब्युटिनिनने जे केले, तेच याही करतात, आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढलेले असल्यास लघवी अडकते ती वेगळीच.

अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा

गप्प पडून राहणारा रुग्ण शांत आहे असे समजणे ही येथील मोठी चूक आहे. एकाएकी भ्रम होणाऱ्या व्यक्तींपैकी अनेक जण आरडाओरडा करत नाहीत, ते मंदावतात, झोपाळू होतात, प्रश्न पुरा ऐकून घेण्याआधीच त्यांचे लक्ष विरते. उतारवयात न्यूमोनिया तापाशिवाय आणि हृदयविकाराचा झटका छातीत दुखल्याशिवाय येऊ शकतो. भूक मेली आणि माणूस मलूल झाला, एवढीच खूण मिळते. ती त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी. मात्र एखादी व्यक्ती उत्तर देत नसेल, तर तिचा चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात आहे ना, त्यातील बॅटरी चालू आहे ना, हे आधी पाहावे. कानातला मळ काढल्यावर ‘भ्रमिष्ट’ माणूस व्यवस्थित बोलू लागलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

पाण्याबद्दलही असेच. तहान लागत नाही म्हणून मागितले जात नाही, आणि मागितले नाही म्हणून दिले जात नाही. हृदय किंवा मूत्रपिंडांच्या आजारामुळे पाण्याला मर्यादा नसेल, तर मी तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी थोडे थोडे देते, डोके उंचावून आणि रुग्ण पूर्ण जागा असतानाच, कारण आडवे झोपवून घातलेला घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो.

लाल झालेल्या त्वचेला चोळू नये. आतील नाजूक केशवाहिन्या आधीच दबलेल्या असतात आणि चोळण्याने त्या फाटतात. मध्ये भोक असलेली गोल उशीही वापरू नये, तिच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा दाबला जातो. एअर मॅट्रेस आणली म्हणजे कूस बदलण्याचे काम संपले, असे मानणारी घरे मला दर वर्षी भेटतात, आणि माकडहाडापाशी जखम झाल्यावरच त्यांचा गैरसमज दूर होतो. मी दर दोन तासांनी कूस बदलते, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवते, पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी करते, आणि प्रत्येक वेळी पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर वेळ, बाजू आणि माझी सही लिहिते. रात्री ज्यांची पाळी असेल त्यांनीही ती लिहावी, आणि सलग दोन रात्री एकाच व्यक्तीची सही दिसली, तर तिसऱ्या रात्री तिला झोपू देऊन दुसऱ्या कोणीतरी उठावे.