तात्पुरती कॅप: मटेरियल निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

दाताची कायमची कॅप लॅबमधून यायला आठ-दहा दिवस लागतात. ‘तेवढ्यापुरतंच तर आहे’ म्हणून तात्पुरती कॅप घाईत उरकली जाते आणि पुढच्या भेटीत त्याचे परिणाम दिसतात. शेजारचा दात सरकलेला असतो, हिरडी सुजून रक्त येत असतं, लॅबची कॅप जागेवर बसत नाही. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मित्रमैत्रिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे की, कॅप किती दिवस आणि कोणत्या दातावर राहणार हे आधी ठरवा, मटेरियल मग.

सगळ्यात जास्त चुका सेल्फ क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणाऱ्या, ॲक्रिलिकमध्ये होतात. ते स्वस्त आहे, मजबूत आहे, तुटलं तर त्याच ॲक्रिलिकने जोडता येतं. म्हणूनच ते बहुतेक क्लिनिकमध्ये असतं. पण पावडर-लिक्विडचं मिश्रण घट्ट होताना चांगलंच तापतं आणि आकारमानाने सुमारे 7 टक्के आकसतं. नस जिवंत असलेल्या दातावर ते पूर्ण घट्ट होईपर्यंत ठेवणं म्हणजे नसेशी खेळ. शिवाय ते अंडरकटमध्ये (दाताच्या आत वळलेल्या खाचेत) अडकलं, तर कापून काढण्यावाचून गत्यंतर नाही. इंडेक्समधून, म्हणजे दाताच्या मूळ आकाराच्या साच्यातून, बाहेर आलेला जास्तीचा तुकडा बोटात दाबून पाहत राहा. तो चिकटेनासा होऊन रबरासारखा लवचीक लागला, की कॅप दातावरून काढायची, पुन्हा बसवायची, पुन्हा काढायची आणि सोबत पाण्याचा फवारा चालू ठेवायचा. शेवटचं घट्ट होणं तोंडाबाहेर होऊ द्या. आकसल्यामुळे मार्जिन, म्हणजे कॅपची हिरडीजवळची कड, उघडं पडतंच, म्हणून पातळ मिश्रणाने आतून रिलाइन करणं, म्हणजे नवा थर देणं, हा कामाचाच भाग समजा. ही पायरी गाळली, की दात थंड पाण्याने ठणकतो आणि पेशंट दुसऱ्या दिवशी दारात.

बिस-ॲक्रिल हे दुसरं तात्पुरतं मटेरियल कमी तापतं, कमी आकसतं, गनमधून थेट इंडेक्समध्ये भरता येतं. एक-दोन दातांसाठी मी तेच वापरते. मात्र ते ठिसूळ आहे. लांब ब्रिजसाठी वापरून सांधे बारीक ठेवले, तर तडा जाणारच. तिथे महिनाभर किंवा जास्त थांबायचं असेल तर लॅबमधून मिल केलेलं (मशीनवर कोरलेलं) पीएमएमए, म्हणजे ॲक्रिलिकचाच प्रकार, मागवा. बिस-ॲक्रिलच्या तुटलेल्या कॅपला ॲक्रिलिकचं ठिगळही लावू नका, ते नीट धरत नाही. पृष्ठभाग खरबरीत करून बाँडिंग (चिकटवणारा द्रव) लावा आणि फ्लोएबल कंपोझिटने (दातात भरायच्या वाहत्या रेझिनने) दुरुस्त करा. बुडबुड्यांचे खड्डेही तसेच भरा. वरचा चिकट थर स्पिरिटने पुसून पॉलिश केलं नाही, तर आपल्या जेवणातली हळद आणि चहा त्या कॅपला पिवळं करायला वेळ लावत नाहीत. कोअर, म्हणजे कॅपखालचा बांधून काढलेला भाग, ताज्या कंपोझिटचा असेल तर आधी व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, नाहीतर कॅप कोअरलाच चिकटून बसते.

पुढच्या दातासाठी पॉलिकार्बोनेटची तयार टोपी झटपट काम करते, पण आतून ॲक्रिलिक न भरता ती नुसत्या सिमेंटवर बसवू नये. दाढेसाठीची ॲल्युमिनियमची टोपी मऊ असते, लवकर झिजते, अडीनडीला ठीक.

कॅप वारंवार निघते तेव्हा हात आपोआप जास्त घट्ट सिमेंटकडे जातो. थांबा. आधी आर्टिक्युलेटिंग पेपरने (चावल्याच्या खुणा उमटवणाऱ्या रंगीत कागदाने) चावा तपासा, कारण उंच राहिलेली कॅप प्रत्येक घासाला हलते. मग मार्जिन आणि शेजारच्या दाताशी असलेला संपर्क पाहा. संपर्क सुटला तर दात सरकतो, चावा खाली राहिला तर समोरचा दात वाढून येतो. हा बदल कितीही थोडा असला, तरी नव्या कॅपची जागा खातो. सिमेंट निवडताना एक गोष्ट विसरू नका: युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) ॲक्रिलिकला मऊ करतं आणि नंतरच्या रेझिन सिमेंटच्या पकडीतही अडथळा आणतं. कायमची कॅप रेझिन सिमेंटने बसवायची असेल, तर युजेनॉल नसलेलंच सिमेंट घ्या.

पेशंटला घरी पाठवताना दोन वाक्यं सांगायचीच. फ्लॉस वर ओढू नका, बाजूने सरकवून काढा. आणि कॅप निघाली तर घरातल्या गमाने चिकटवू नका. डबीत ठेवून त्याच दिवशी फोन करा.