डायव्हिंगला जाताना एक छोटा डबा सोबत ठेवाच

अंदमानातल्या हॅवलॉकला बोट निघायच्या दहा मिनिटं आधी माझ्या मास्कचा पट्टा तुटला, पन्नास रुपयांची वस्तू पण डाइव्ह जवळजवळ गेलीच होती. तेव्हापासून घट्ट झाकणाचा एक छोटा डबा भरूनच निघतो.

१. मास्कचा पट्टा, फिनचा (पोहायला पायात घालायच्या पंखाचा) पट्टा, एक माउथपीस (हवा घेताना तोंडात धरायचा रबरी भाग), चार-पाच झिप टाय (माउथपीस त्यानेच बसतो, कापायला छोटी कातरी घ्या).
२. टाकीच्या व्हॉल्व्हच्या दोन-तीन ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून बसवतात त्या रबरी कड्या), आणि जुनी काढायला प्लास्टिकची टोकदार काडी. सुई वापरू नका, खाच ओरखडते आणि मग नवीन रिंगही गळते.
३. डाइव्ह कॉम्प्युटरची (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राची) बॅटरी. तुमच्या मॉडेलला कुठली लागते ते आधी बघा, बेटावर मिळेलच असं नाही.

आता जागा कुठे, तर फिनमध्ये पाय घालायचा कप्पा रिकामाच असतो ना, डबा मोज्यात गुंडाळून तिथे कोंबायचा.

फक्त विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या केबिनमध्ये. कातरी मात्र चेक-इनमध्येच. आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी पोहोचवणारं यंत्र) बिघडला तर आतून उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, तो भाड्याने घ्या सरळ.