साठीनंतर स्मृतीचा अंदाज रक्तावरून: कोणती तपासणी, कधी, कशी

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात पन्नास-साठ आकडे छापून येतात. स्मृतीच्या दृष्टीने कामाचे त्यातले आठ: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनी), सोडियम, कॅल्शियम. पॅकेजात बी-१२ आणि सोडियम धरलेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा. बऱ्याचदा नेमके तेच वगळलेले असतात.

धडधाकट माणसाने वर्षातून एकदा, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं. लॅब बदलली की पद्धत बदलते आणि गेल्या वर्षीच्या आकड्याशी तुलना फसते. नुकताच ताप, डेंगी किंवा ऑपरेशन झालं असेल तर महिनाभर थांबा. लिपिड आणि उपाशीपोटीच्या शुगरसाठी १० ते १२ तास उपास, पाणी मात्र प्यायचं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी बंद करा. काही मशिनांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्यावी.

सगळ्यात जास्त गफलत होते ती बी-१२ मध्ये. २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे कुंपणावर. शाकाहारी घरं, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि जोडीला रोजची पित्ताची गोळी, असं तिन्ही एकत्र आलं की आकडा हमखास खाली जातो. आणि अशक्तपणा वाटला की आपल्याकडे आधी 'ताकदीचं इंजेक्शन' टोचून घ्यायचं, मग रक्त तपासायचं! इंजेक्शननंतर काही आठवडे आकडा फुगलेलाच येतो आणि कमतरता झाकली जाते. तेव्हा रक्त आधी, सुई नंतर. नुसतं फॉलिक ॲसिडही मनाने सुरू करू नका: हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२ कमी असेल तर नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

आकडा कुंपणावर असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन सांगतात, बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा हा घटक. ही नळी नाजूक. रक्त काढल्यावर लगेच बर्फात आणि तासाभरात प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा, नाहीतर रक्तपेशींमधून होमोसिस्टीन बाहेर पडत राहतं आणि आकडा विनाकारण चढतो. खानापुरात सकाळी घेतलेली नळी दुपारच्या गाडीने बेळगावला जाणार असेल तर ही एक तपासणी थेट बेळगावात जाऊनच द्यावी. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं यंत्र) जागेवर आहे का, एवढं विचारलं तरी पुरे.

बाकीचे आकडे पटकन. टीएसएच सत्तरीनंतर किंचित वर असणं चालतं, एकदा ५ किंवा ६ आला म्हणून गोळी सुरू होत नाही. एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. पण लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढतो, म्हणून सीबीसीसोबत वाचावा. एलडीएलकडे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलकडे, दुर्लक्ष नको: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने धरलं. त्याच यादीत बहिरेपण, रक्तदाब आणि तंबाखूचा धूर आहे, आणि ते कुठल्याच नळीत दिसत नाही.

आता ज्याची चर्चा आहे ते पी-टाऊ २१७. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा माग हे प्रथिन रक्तातून देतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्यांना मान्यता देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्ततपासणीला मान्यता दिली, पण ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्या माणसांसाठी. धडधाकट माणसाने हौसेने करायची ही तपासणी नव्हे. का, ते हिशोबाने बघा. तक्रार नसलेले १००० जण घ्या, त्यातल्या २०० जणांच्या मेंदूत अमायलॉइड आहे असं धरा. तपासणी अमायलॉइड असलेल्या आणि नसलेल्या, दोघांतही ९० टक्के अचूक असली तरी १८० खरे आणि ८० खोटे पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर दहांत तिघांना उगाच घोर. आणि खऱ्या १८० मधल्या अनेकांची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते.

शिवाय किडनी कमजोर असेल तर पी-टाऊ आणि एनएफएल (मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात येणारं दुसरं प्रथिन) दोन्ही वाढतात, म्हणून क्रिएटिनिनशिवाय हा रिपोर्ट वाचूच नये. एनएफएल तर डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतरही चढतं. घरच्यांना खरंच बदल जाणवत असेल, म्हणजे दुकानाचा हिशोब जमेनासा झाला, नेहमीच्या वाटेवर चुकायला झालं, तेव्हाच न्यूरॉलॉजिस्टच्या सांगण्यावरून ही तपासणी करावी.

रक्तासोबत कागदावरची स्मृतिचाचणी हवीच. मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) चाचणी ३० गुणांची, साधारण २६ पासून पुढे ठीक, शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. मराठी शाळेत शिकलेल्या आजींची चाचणी कन्नडमध्ये घेतली तर भाषेमुळे गुण जातात आणि नसलेला आजार कागदावर येतो. मराठीतून घ्या, असं स्पष्ट सांगा. शाळेत न गेलेल्यांसाठी मोका चालवू नये, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी त्यांच्यासाठीच आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कर्नाटक ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये जिल्हा रुग्णालयांत ब्रेन हेल्थ क्लिनिक असतात, तिथे चौकशी करता येते. जाताना दरवर्षीचे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेने लावून आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.

काल नीट बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत बरळायला लागलं, दिवस-रात्र कळेना झालं, तर तो हळूहळू येणारा स्मृतिभ्रंश नव्हे. रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीने सोडियम १२५ च्या खाली गेलं, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा शुगर उतरली की असं होतं. शुगर घरीच लगेच बघा आणि त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या. घरी मीठ-पाणी पाजत बसू नका: सोडियम घाईने वाढलं तरी मेंदूला इजा होते.