टाकी धुण्याच्या धंद्याची जाहिरात: रोजच्या दोनशे रुपयांचा हिशेब

नवरा आणि दोन पोरं टाकीत उतरतात, मी घरी बसून फोन घेते. पाण्याच्या टाक्या धुण्याचा आमचा धंदा. पुण्यातले वारजे, कर्वेनगर, कोथरूड आणि सिंहगड रस्ता एवढाच मुलूख. गुगलवरची जाहिरात गेली चार वर्षं मीच चालवते. शिक्षण बी.कॉम., जाहिरातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या महिन्यात सहा हजार गेले आणि कामं आली दोन. त्यातलं एक मावसभावाचं, जो जाहिरात नसती तरी फोन करणारच होता. तेव्हा काय चुकलं आणि आता काय करते, ते सांगते.

गुगलवर आपल्या दुकानाची मोफत नोंद करता येते. पत्ता, फोटो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय हे सगळं त्यात येतं. ती आधी करा. ती नीट नसताना जाहिरातीला पैसे घालणं म्हणजे गळक्या टाकीत टँकर ओतणं.

मग कागद घ्या. जाहिरातीवर कोणी बोट लावलं, म्हणजे क्लिक केला, की गुगल आपले पैसे कापतं. अकाउंट उघडण्याआधी एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणं परवडतं, ते काढायचं. आमचं गणित असं: सोसायटीचं सरासरी बिल साडेसहा हजार. मजुरी, डिझेल, क्लोरीन, जेटपंपाची झीज काढून हातात दोन हजार राहतात. एक काम पक्कं व्हायला साधारण चार फोन यावे लागतात आणि चार फोन यायला पंचवीस क्लिक. म्हणजे ८० रुपयांना क्लिक घेतला तर आम्ही फुकट टाकी धुतली. मी ४० वर थांबते. बोली लावताना ‘जास्तीत जास्त क्लिक’ हा पर्याय निवडते आणि वरची मर्यादा ४० घालते. ती मर्यादा घालायची जागा जरा आत दडलेली असते, शोधा. प्रत्येक क्लिकला पूर्ण ४० जातात असंही नाही. हा लिलाव आहे, खालच्याला मागे टाकायला लागतात तेवढेच कापले जातात, शिवाय जाहिरात शोधाला किती जुळते हेही बघितलं जातं.

रोजचं बजेट २०० रुपये. ‘रोजचं’ या शब्दावर जाऊ नका. एखाद्या दिवशी गुगल दुप्पटही खर्च करू शकतं, महिन्याचा मेळ मात्र रोजच्या ३०.४ पटीच्या (महिन्याचे सरासरी दिवस) आत ठेवतं. म्हणजे माझे ६,०८०. त्यावर १८ टक्के जीएसटी. आमची उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे ते १,०९४ रुपये परत मिळत नाहीत, खर्चातच धरायचे. तुमची नोंदणी असेल तर नंबर पहिल्या दिवशीच भरा.

आता अकाउंट. ते स्वतःच्या ईमेलवर उघडा. आमच्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्यांचं अकाउंट एका एजन्सीनं स्वतःच्या नावावर काढलं होतं. भांडण झालं आणि तीन वर्षांची सगळी माहिती तिकडेच राहिली. कोणाची मदत घ्यायची तर अकाउंट आपलं ठेवून त्यांना फक्त परवानगी द्यायची.

सर्च कॅम्पेन, म्हणजे गुगलवर शोधणाऱ्याला दिसणारी जाहिरात, निवडलं की दोन खुणा आधीच केलेल्या सापडतील, सर्च पार्टनर (गुगलशी जोडलेल्या इतर साइटवरचे शोध) आणि डिस्प्ले नेटवर्क. दोन्ही काढा. डिस्प्ले म्हणजे आपली जाहिरात बातम्यांच्या साइटवर, गेममध्ये वगैरे दिसते. गेम खेळणाऱ्या पोराचा अंगठा चुकून लागला तरी पैसे आपले. ठिकाणासाठी मी वारजे पुलाला टाचणी लावून सात किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्यात एनडीए या लष्करी प्रबोधिनीचं जंगलही येतं, येऊ दे, तिथलं माकड टाकी धुणारा शोधत नाही. पण त्याखाली एक पर्याय असतो: त्या भागात ‘असलेले’ लोक, की तिथे असलेले ‘किंवा रस दाखवणारे’. आधीपासून दुसरा निवडलेला असतो. माझे पहिले सहा हजार बरेचसे तिथे गेले, नागपूरहून फोन यायचे. खरं सांगायचं तर त्याच पर्यायामुळे एकदा न्यू जर्सीहून एका मुलाचा फोन आला होता, कोथरूडच्या बंगल्यात आईवडील एकटे, टाकी तीन वर्षं धुतलेली नाही म्हणून. काम झालं, पैसेही लगेच आले. पण अशा एकासाठी पन्नास नागपूरकरांचा खर्च दोनशे रुपयांच्या बजेटात बसत नाही.

कोणत्या शोधावर आपली जाहिरात दिसावी ते शब्द निवडताना कळलं की मराठी माणूस सहसा मराठीत शोधत नाही. आमच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी फोनवर ‘नमस्कार ताई’ म्हणतात, पण शोधताना इंग्रजीत ‘वॉटर टँक क्लीनिंग’ टाकतात, नाहीतर रोमन लिपीत ‘पानी टाकी सफाई’. इंग्रजी, रोमन आणि देवनागरी, तिन्ही तऱ्हा घाला. नुसता शब्द लिहून सोडला की गुगल त्याचा अर्थ आपल्या मनानं कितीही ताणतं. अवतरणचिन्हात लिहिला की ताणणं कमी होतं, चौकोनी कंसात लिहिला की जवळजवळ तोच अर्थ पकडतं. थोड्या पैशात धंदा करणाऱ्यानं अवतरणचिन्हं आणि कंस यांच्याबाहेर जाऊ नये, असं माझं मत.

पण खरी कमाई नको असलेल्या शब्दांच्या यादीत आहे. कुठल्या शोधावर आपली जाहिरात दिसून क्लिक झाला, ते ‘सर्च टर्म्स’मध्ये दिसतं. पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. हजार लिटर टाकीची किंमत. टाकी साफ करायचं मशीन. टाकी घरी कशी धुवावी. टाकी धुण्याची नोकरी. स्वप्नात पाण्याची टाकी दिसणे. आणि सगळ्यांत जास्त ‘पाण्याची टाकी बस स्टॉप’, कारण पुण्यात पत्ता सांगायची आपली हीच रीत, टाकीपाशी उतरा आणि डावीकडे वळा. त्या बिचाऱ्यांना बस हवी होती आणि प्रत्येकी तीस-पस्तीस रुपये माझे जात होते.

असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाकायचे. इथे एक खोच आहे. हवे असलेले शब्द गुगल सैल धरतं, नको असलेले मात्र अक्षरशः धरतं. ‘किंमत’ बंद केलं म्हणून ‘रेट’ बंद होत नाही, ‘प्राइस’ही होत नाही. प्रत्येक रूप, प्रत्येक लिपीत, वेगळं लिहावं लागतं. माझ्या यादीत आज दोनशेच्या वर शब्द आहेत. दर सोमवारी दुपारी वीस मिनिटं त्यासाठी ठेवलेली आहेत.

जाहिरातीचा मजकूर लिहिताना एका मथळ्याला ३० अक्षरं मिळतात आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची स्वच्छता’ हे ४१ भरलं. ‘सोसायटीची टाकी धुऊन देतो’ हे २४. शिवाय हे दुसरं वाचलं की माणूस बोलल्यासारखं वाटतं. मथळे पंधरापर्यंत देता येतात, एका वेळी जास्तीत जास्त तीन दिसतात. त्यातला एक माझा लाडका: ‘किमान बिल १५०० रुपये’. नवरा म्हणाला, गिऱ्हाईक पळेल. पळू दे की! पाचशे लिटरच्या एका टाकीसाठी सातशे रुपये देणारा क्लिक न करताच गेला, तर माझे चाळीस वाचले.

शेजारचे धंदेवाले काय लिहितात ते बघायला गुगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र आहे, तिथे कोणाच्याही चालू जाहिराती दिसतात. आपली जाहिरात दिसते का म्हणून सारखं मोबाइलवर शोधत बसू नका, अकाउंटमध्येच पूर्वदृश्याची सोय आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, किरकटवाडी-नांदेड गाव-धायरीकडे, जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले आणि लोक पाण्याला घाबरले. तेव्हा दोघांनी सुचवलं, आजाराचं नाव जाहिरातीत घाल. नाही घातलं. टाकी धुतली म्हणून आजार होणार नाही, असं मी कोणाला सांगू शकत नाही आणि उद्या त्याच सोसायटीत मला पुन्हा तोंड दाखवायचंय.

जाहिरातीची वेळ ठरवताना महापालिकेची सूचना वाचते. देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबानं येणार. ते पहिलं पाणी गढूळ असतं. गाळ बादलीत दिसला की कमिटीच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि शुक्रवार-शनिवारी आमचा फोन वाजतो. म्हणून मंगळवारी-बुधवारी जाहिरात बंद, तेच पैसे आठवड्याच्या शेवटी. जाहिरातीतलं फोनचं बटण सकाळी आठ ते रात्री आठ एवढंच दाखवते. न उचललेल्या फोनचेही पैसे लागतातच.

अकाउंटमध्ये सूचनांचं एक पान असतं आणि ऑप्टिमायझेशन स्कोअर, म्हणजे अकाउंट किती नीट लावलंय याचे गुगलनं शंभरपैकी दिलेले गुण. माझा ६०च्या आसपास असतो. बजेट वाढवा, शब्द सैल करा अशाच त्या सूचना बहुतेक. आपोआप लागू होणाऱ्या सूचना मात्र आवर्जून बंद करून ठेवा.

सर्च टर्म्समध्ये सगळे शोध दिसत नाहीत, अगदी थोड्यांनी केलेले लपवले जातात. म्हणून फोनपाशी दोनशे पानी वही आहे. तारीख, भाग, काम झालं का, आणि चौथा रकाना: काय टाकून शोधलंत? पहिल्यांदा लोक गोंधळतात, मग सांगतात.

गेल्या सोमवारी मी ‘काय करावे’ हे शब्द बंद करायला काढले होते. असं शोधणारे घरगुती उपाय बघायला येतात, काम देत नाहीत, अशी माझी समजूत. बटण दाबायच्या आधी सवयीनं वही चाळली. शनिवार, संध्याकाळी सात, कर्वेनगर, चार विंगची सोसायटी, काम झालं. चौथ्या रकान्यात माझ्याच अक्षरात: ‘टाकीत कबूतर मेलं, काय करावे’.