सूर्यफुलाचं पान आधी उलटून पाहा, मग पंप उचला

भाद्रपदात खान्देशात पावसाची उघडझाप सुरू असते. सकाळी दव, दुपारी कडक ऊन, संध्याकाळी एखादी सर. अंगणात किंवा मळ्याच्या बांधावर लावलेल्या सूर्यफुलाची पानं याच दिवसांत बिघडतात आणि कपाशीचं उरलेलं औषध त्यावर मारलं जातं. बऱ्याचदा ते त्या दुखण्याचं नसतंच. बिघाड खालच्या पानांत आहे की शेंड्याला, आणि पान उलटल्यावर खाली काय दिसतं, हे आधी पाहा.

खालच्या पानांवर गोल, काळपट तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कड आणि मोठ्या ठिपक्यात वलयं दिसली तर तो अल्टरनेरिया बुरशीचा करपा. पान बराच वेळ ओलं राहिलं की तो झपाट्याने वर चढतो. रोगट पानं तोडून जाळा, उकिरड्यावर टाकू नका. पाणी बुंध्याशी द्या, तेही सकाळी. मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा, पाऊस राहिला तर १०-१२ दिवसांनी पुन्हा. पानाखाली विटकरी पुळ्या असून बोटाला रंग लागत असेल तर तो तांबेरा. त्यालाही हीच फवारणी चालते.

पांढऱ्या रंगावर मात्र फसायला होतं. पानाच्या वरून पिठासारखी भुकटी म्हणजे भुरी. ती पाऊस सरल्यावर, गारव्यात येते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला ३ ग्रॅम पुरतं, पण ऑक्टोबरच्या तापत्या उन्हात मारलं तर पानं करपतात. पांढरी बुरशी पानाखाली, वर शिरांलगत पिवळेपणा आणि झाड खुजं, हा केवडा. असं झाड वाचत नाही. उपटून नष्ट करा आणि त्या जागी काही वर्षं सूर्यफूल लावू नका.

कपाशीच्या शेजारचं सूर्यफूल असेल तर तुडतुडे शोधा. पानाच्या कडा वर वळतात, पिवळ्या पडतात, मग जळतात. पानाखाली फिकट हिरवे, तिरके चालणारे किडे दिसतात. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क मारा. पानाची जाळी झाली असेल तर खाली लहान अळ्यांचा पुंजका असतो. ते पान अळ्यांसकट तोडलं की चार-दोन झाडांचं काम तिथेच संपतं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर हा रोग नाही. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह झाडाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडं लिंबूसत्व घालून संध्याकाळी फवारा.

शेंडा पिळवटला, पानं अरुंद, सुरकुतलेली झाली तर शेजारी ज्वारीत किंवा उसात २,४-डी तणनाशक मारलं होतं का, ते विचारा. कपाशीची पानं भेंडीसारखी होतात, तोच हा फटका. वाऱ्याने येतो, तसाच न धुतलेल्या पंपातूनही. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. पानं वाळत वाळत शेंडा वाकडा झाला आणि जवळ गाजर गवत माजलं असेल, तर नेक्रोसिस या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्या. हा विषाणू गाजर गवताच्या परागातून, फुलकिड्यांमार्फत येतो. औषध नाही. रोगट झाड काढा आणि गाजर गवत फुलायच्या आत उपटा.

फूल उमललं की कीटकनाशक नकोच. मधमाश्या आल्या नाहीत तर दाणे पोचट राहतात. कुठलीही फवारणी करण्याआधी डब्यावरचं लेबल वाचा, हातमोजे घाला, आणि फवारलेली पानं शेळ्यांपुढे टाकू नका. अगदी खालची एक-दोन पानं वयामुळे पिवळी पडली असतील तर काहीच करू नका.

तरीही उलगडा झाला नाही तर नुकतं बिघडू लागलेलं पान आणि एक निरोगी पान कोऱ्या कागदात गुंडाळून जळगाव जिल्ह्यातल्या ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत पान सडतं आणि खरी खूण पुसली जाते.